बोर्डाला आपली वीज घ्यावीच लागते का?



मागच्या गट बैठकीत एका वयस्कर सभासदांनी उभे राहून विचारले, "आपण बनवतो ती वीज बोर्ड घेतं, ते मेहेरबानी म्हणून का कायद्यानं? आणि कायद्यानंच घेत असेल, तर मग दर कसा काय उतरला?" दोन्ही प्रश्न एका दमात आले. उत्तर चालू असतानाच चहा आला आणि बैठक मोडली. पण प्रश्न मोलाचा होता. टनामागे किती पैसे हातात पडतात याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून तो येथे सावकाश मांडतो.

आधी एक खुलासा. तोंडाने आपण अजून 'बोर्ड' म्हणतो, पण राज्य वीज मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले. वीज तयार करणारी महानिर्मिती, ती उच्चदाबाने वाहून नेणारी महापारेषण आणि आपल्या मोटारीपर्यंत पोचवणारी व बिल पाठवणारी महावितरण, अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. आपली वीज विकत घेते ती महावितरण. तिने कोणाकडून, किती आणि काय दराने घ्यावी हे ठरवताना तिच्या डोक्यावर महाराष्ट्र वीज नियामक आयोग बसलेला आहे. हा आयोग १९९९ पासूनचा.

आता कायद्याकडे येऊ. केंद्राचा वीज कायदा २००३ चा. त्याच्या कलम ८६ मध्ये आयोगाची कामे सांगितली आहेत आणि त्यांत एक पोटकलम आपल्या उपयोगाचे आहे. आयोगाने सहवीजनिर्मितीला आणि अपारंपरिक स्रोतांपासून होणाऱ्या विजेला उत्तेजन द्यावे, तिला जाळ्यात जोडणी मिळवून द्यावी, आणि वितरण कंपनीच्या हद्दीत जेवढी वीज खपते तिचा ठराविक टक्का अशा विजेतून घेण्याचे बंधन घालावे, असे त्यात आहे. 'ठराविक टक्का' या दोन शब्दांवर आपला सगळा प्रकल्प उभा आहे. २००६ च्या जानेवारीत केंद्राचे वीजदर धोरण आले, त्यात हा टक्का १ एप्रिल २००६ पर्यंत लागू करा असे राज्यांना बजावले गेले.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले: मेहेरबानी नाही, कायदा आहे. पण कायदा नेमके काय म्हणतो ते नीट पाहावे लागेल, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच दडलेले आहे.

महाराष्ट्राच्या आयोगाने २००६ च्या ऑगस्टमध्ये आदेश काढला. २००६-०७ सालासाठी ३ टक्के, मग दरवर्षी एकेक टक्का वाढवत २००९-१० साठी ६ टक्के. वितरण कंपनीने शंभर युनिट विकली, तर त्यातली सहा युनिट ऊन, वारा, लहान जलविद्युत, चिपाड अशा मार्गाने आलेली असली पाहिजेत, असा त्याचा साधा अर्थ. २०१० च्या विनियमांनी हा आकडा २०१३-१४ पर्यंत ९ टक्क्यांवर नेला आणि त्यात सौर विजेचा एक छोटा वेगळा कप्पा केला. सुरुवातीला तो पाव टक्का होता. शंभर युनिटांत पाव युनिट! त्या वेळी सौर वीज इतकी महाग होती की कोणी आपणहून घेतलीच नसती, म्हणून तिला राखीव जागा द्यावी लागली. आपल्या चिपाडाच्या विजेला असा राखीव कप्पा नव्हता. ती वाऱ्याच्या विजेबरोबर 'सौरेतर' या मोठ्या कप्प्यात होती, आणि त्या काळी तिला त्याची गरजही नव्हती.

पुढे चित्र कसे पालटले ते याच आयोगाच्या २०१९ च्या विनियमांत दिसते. २०२४-२५ साठी एकूण २५ टक्के बंधन. त्यात सौर १३.५ टक्के आणि सौरेतर ११.५ टक्के. सौरेतरचा ११.५ हा आकडा २०१९-२० पासून २०२४-२५ पर्यंत जागचा हलला नाही. सगळी वाढ सौरच्या पदरात पडली. पाव टक्क्याचा पाहुणा घरचा कारभारी झाला म्हणा ना.

ही कल्पना आपल्याकडे उपजली असे नाही. अमेरिकेत आयोवा नावाचे मक्याचे राज्य आहे, आपल्यासारखेच शेतीवर जगणारे. तिथे १९८३ मध्येच कायदा करून दोन खासगी वीज कंपन्यांवर मिळून १०५ मेगावॅट अपारंपरिक वीज घेण्याची सक्ती केली गेली. तिथल्या कायद्यात मेगावॅट होते, आपल्याकडे टक्का आहे. टक्क्यात सोय अशी की विजेचा खप वाढेल तसा वाटाही आपोआप वाढतो.

आता मेगावॅट आणि युनिट यांतला फरक, कारण यात पुष्कळांचा घोटाळा होतो. मेगावॅट म्हणजे संचाची ताकद. युनिट म्हणजे त्या ताकदीने प्रत्यक्ष केलेले काम. पाच अश्वशक्तीची मोटार विहिरीवर बसवली म्हणजे पाणी आले असे नाही. ती किती तास चालली त्यावर पाणी. कायद्याचे बंधन मोजले जाते युनिटांत. २० मेगावॅटचा सौर प्रकल्प रात्री बंद, ढग आले की मंद. वर्षभराची सरासरी काढली तर ताकदीच्या साधारण पाचव्या हिश्शाने चालतो असे धरू, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी युनिट. चिपाडावरचा २० मेगावॅटचा संच १६० दिवसांच्या हंगामात रात्रंदिवस पूर्ण भाराने चालला, तर साडेसात कोटी युनिटांच्या वर जातो. तेही ऊन मावळल्यावर, जेव्हा गावोगाव दिवे लागतात आणि विजेची ओढ जास्त असते. ही आपली खरी ताकद आहे आणि दराच्या वाटाघाटीत ती पुरेशा जोराने मांडली जात नाही, असे माझे मत आहे.

थोडे यंत्राविषयी. शंभर टन ऊस गाळला की २८ ते ३० टन चिपाड, म्हणजे बगॅस, निघते. त्यात निम्मे पाणी असते. पूर्वी आपल्याकडे कमी दाबाचे बॉयलर होते. चौरस सेंटिमीटरला २१ किंवा ३२ किलो दाब. त्या वाफेवर मिल फिरायची, कारखान्याचे दिवे लागायचे आणि रस आटायचा, बस्स. उरलेल्या चिपाडाचे करायचे काय ही डोकेदुखी असे. थोडे कागद गिरणीला जायचे, बाकीच्याचा यार्डात डोंगर व्हायचा आणि उन्हाळ्यात आग लागेल म्हणून रखवालदार बसवावा लागायचा. त्या काळचे इंजिनिअर गमतीने म्हणत, बॉयलर जरा उधळा असलेला बरा, चिपाड तरी संपतं.

सहवीजनिर्मितीत हा हिशेब उलटा होतो. बॉयलर ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाचा घेतात. त्या जोरकस वाफेला आधी टर्बाइनमधून नेऊन वीज काढून घेतात आणि मग दाब उतरलेली तीच वाफ रस आटवायला पाठवतात. एकाच इंधनात दोन कामे. म्हणून 'सह' वीज. कायद्याची व्याख्याही हीच आहे: एकाच प्रक्रियेतून एकाच वेळी दोन किंवा अधिक उपयुक्त ऊर्जा मिळणे. चांगल्या संचावर टनामागे शंभर युनिटांच्या आसपास वीज निघते. त्यातली तीसेक युनिट घरच्या मिलला लागतात, बाकीची तारेवर जातात. कारखान्यात वाफ जितकी जपून वापरावी तितकी विकायला वीज जास्त. रस आटवणाऱ्या पॅन विभागाने वाफ उधळली की तिकडे मीटर हळू फिरतो. आमच्या दोन विभागांतली हंगामातली बरीचशी भांडणे यावरूनच होतात.

आता दर.

सुरुवातीला, २००२ मध्ये, आयोगाने सहविजेला युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर ठरवून दिला. पुढे २०१० च्या विनियमांनुसार दर दोन भागांत आला. एक भाग प्रकल्पाच्या भांडवलाचा, व्याजाचा आणि देखभालीचा. दुसरा इंधनाचा, म्हणजे चिपाडाच्या मानलेल्या किमतीचा. करार १३ वर्षांचा. दर वाढत वाढत नव्या प्रकल्पांना सहा रुपयांच्या पुढे मिळू लागला. त्या दराच्या भरवशावर राज्यातल्या अनेक सहकारी कारखान्यांनी बँकांची आणि साखर विकास निधीची कर्जे उचलली, सभासदांच्या उसाच्या बिलातून ठेवी कापल्या. राज्य शासनाच्या २००८ च्या धोरणात चिपाडाच्या विजेचे उद्दिष्ट १००० मेगावॅट होते, २०१५ च्या धोरणातही १००० मेगावॅट, आणि २०२० च्या अखेरीस आलेल्या धोरणात १३५० मेगावॅट.

मग सूर्य आडवा आला. सौर पट्ट्यांच्या किमती कोसळल्या. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका निविदेत सौर वीज १ रुपया ९९ पैसे युनिटने देऊ केली गेली. आता महावितरणच्या जागी आपण स्वतःला बसवून बघा. टक्का तर भरायचा आहे. तो दोन-अडीच रुपयांच्या विजेने भरत असेल, तर सहा रुपयांची वीज कोण घेईल? घेतली तर तो बोजा शेवटी ग्राहकाच्या बिलात, म्हणजे पुन्हा आपल्याच घरी. म्हणून आयोगाने ठरवून दिलेल्या दराची पद्धत मागे पडली आणि निविदा आल्या. चिपाडाच्या विजेच्या निविदेला युनिटला ५ रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली आणि करार पावणेपाच ते पाच रुपयांच्या दरम्यान होऊ लागले.

येथे कायद्याचा बारकावा ध्यानात घ्या. कायदा वितरण कंपनीला सांगतो, एवढा टक्का घे. अमक्या कारखान्याकडूनच घे, असे सांगत नाही. अमुक दराने कायम घे, असेही सांगत नाही. गिऱ्हाइकावर बाजारात जाण्याची सक्ती आहे, आपल्याच दुकानात येण्याची नाही. दर उतरण्याचे कारण एवढेच आहे.

याचा आपल्या खिशाशी संबंध किती? एक उदाहरण मांडतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपल्या ताळेबंदातले नाहीत. रोज ५००० टन गाळणारा कारखाना १६० दिवस चालला, म्हणजे ८ लाख टन गाळप. त्याचा २० मेगावॅटचा संच, त्यातले ७ मेगावॅट घरी, १३ मेगावॅट विक्रीला. हंगामात सुमारे ५ कोटी युनिट विकली गेली. सव्वासहा रुपयांनी झाले ३१ कोटी २० लाख. पावणेपाच रुपयांनी झाले २३ कोटी ७० लाख. फरक साडेसात कोटींचा. आठ लाख टनांवर वाटला तर टनाला ९४ रुपये! एकरी पन्नास टन काढणाऱ्याला एकरामागे ४७०० रुपये झाले. आणि कर्जाचा हप्ता मात्र जुन्या दराच्या हिशेबाने बांधलेला.

ही ओढाताण शासनाच्याही कानावर गेली. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशा प्रकल्पांना युनिटमागे दीड रुपया अनुदान वर्षभरासाठी मंजूर केले, मात्र दर आणि अनुदान मिळून सहा रुपयांच्या वर जायचे नाही या अटीवर. मदत झाली हे कबूल करायला हवे. पण वर्षभराच्या अनुदानावर दहा वर्षांचे कर्ज फिटत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा एक मार्ग प्रमाणपत्राचा. तो थोडा अवघड वाटतो, पण दाखला ओळखीचा आहे. चिपाडाच्या एका युनिटात दोन वस्तू असतात असे समजा: एक नुसती वीज, आणि दुसरा तिचा 'हिरवा गुण'. दोन्ही एकत्र, चढ्या दराने महावितरणला द्यायचे हा एक रस्ता. नाही तर नुसती वीज साध्या दराने विकायची आणि गुण वेगळा, कागदावर विकायचा. त्या कागदाला अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र म्हणतात. एक प्रमाणपत्र म्हणजे १००० युनिट. ज्या राज्यात वारा नाही की ऊस नाही, तिथल्या वितरण कंपनीने हे प्रमाणपत्र वीज बाजारातून घेतले की तिचे बंधन तेवढे पुरे झाले. ही व्यवस्था २०१० च्या केंद्रीय विनियमांनी आली आणि २०११ च्या मार्चमध्ये खरेदी-विक्री सुरू झाली. दूध डेअरीला घालायचे आणि साय घरी ठेवून तूप विकायचे, तसे. मात्र डेअरीला सायीसकट दुधाचा भाव लावून परत वर साय विकता येत नाही. एकच गुण दोनदा विकायला बंदी आहे. करार करून चढा दर घेणाऱ्याला प्रमाणपत्र नाही.

सुरुवातीला सौरेतर प्रमाणपत्राला १५०० रुपयांचा किमान आणि ३९०० रुपयांचा कमाल भाव बांधलेला होता. पण पुढची काही वर्षे विकायला लाखो प्रमाणपत्रे आणि घ्यायला कोणी नाही, अशी अवस्था झाली. कारण सरळ होते. बंधन मोडले तर फार काही बिघडत नव्हते. राज्याराज्यांचे आयोग मागची तूट पुढच्या वर्षी भरा म्हणून मुभा देत गेले. आपल्याकडेही तशी मुभा दिली गेली. देणेकऱ्याला दरवर्षी मुदत मिळत गेली तर सोसायटीचे काय होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. २०२२ च्या नव्या केंद्रीय विनियमांत प्रमाणपत्राची मुदत काढून टाकली गेली. विकेपर्यंत ते जिवंत राहते. शिवाय त्यानंतर सुरू होणाऱ्या नव्या चिपाड प्रकल्पांना दुप्पट प्रमाणपत्रांची तरतूद आली. जुन्या संचांना ती नाही.

स्वतःची कोळशाची वीज करून स्वतःच वापरणाऱ्या मोठ्या उद्योगांनी, आम्हाला हे बंधन कशाला, म्हणून दावे लावले होते. राजस्थानातील अशा एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या मे महिन्यात निकाल दिला की बंधन त्यांच्यावरही घालता येते. म्हणजे गिऱ्हाइक एकटी महावितरण नाही. मोठे उद्योगही हिरवी वीज शोधत असतात आणि खुल्या प्रवेशाने त्यांना वीज विकता येते. मात्र वाहन आकार, तूट आणि अधिभार वजा जाता हातात काय उरते ते आधी कागदावर मांडून बघावे लागते.

केंद्रानेही आता दोर आवळला आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन हे बंधन त्या कायद्यात आले. बंधन चुकवणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आणि शिवाय तुटीच्या प्रमाणात वाढीव दंडाची तरतूद झाली. ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेत २०२९-३० साठी एकूण ४३.३३ टक्क्यांचे उद्दिष्ट दिले गेले. त्यात नव्या वाऱ्यासाठी ३.४८, जलविद्युतसाठी १.३३, ठिकठिकाणच्या लहान प्रकल्पांसाठी ४.५ आणि 'इतर' ३४.०२ टक्के. चिपाड कोठे? या 'इतर' मध्ये, आणि तिथेच सौरचे मोठे प्रकल्पही. बाजार मोठा झाला, पण एकाच ओट्यावर आपल्याला दोन-अडीच रुपयांच्या मालाशेजारी बसायचे आहे. वाऱ्याला, पाण्याला वेगळा गाळा मिळतो, तर रात्री चालणाऱ्या आणि शेतकऱ्याच्या मालकीच्या चिपाडाला का नको, ही मागणी साखर संघांनी लावून धरण्यासारखी आहे.

शेवटी उसाच्या दराचा मुद्दा, कारण बैठकीतला खरा रोख तोच होता. एफआरपी देणे कारखान्याला बंधनकारक आहे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ती १४ दिवसांत द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. वीज विकली न विकली, यात फरक पडत नाही. त्यावरचा हिशेब रंगराजन समितीने २०१२ मध्ये सांगितलेल्या वाटणीचा. साखर आणि पहिल्या टप्प्यातले उपपदार्थ, म्हणजे चिपाड, मळी आणि प्रेसमड, यांच्या उत्पन्नातले ७० टक्के ऊसवाल्याचे. नुसत्या साखरेवर धरले तर ७५ टक्के. आपल्या राज्याचा २०१३ चा ऊसदराचा कायदा याच तत्त्वावर आहे. 'पहिल्या टप्प्यातले' हे शब्द नीट वाचा. वाटणीत चिपाडाची किंमत धरली जाते. त्या चिपाडापासून झालेली वीज हा दुसरा टप्पा. म्हणजे कारखान्याने आपल्याच सहवीज विभागाला चिपाड काय भावाने दिले, हा आकडा कळीचा आहे. तो कमी धरला तर सत्तर टक्क्यांची रास लहान होते. जास्त धरला तर सहवीज विभाग तोट्यात दिसतो आणि कर्जफेड अडते. कोणी लबाडी करतो असे मी म्हणत नाही. पण सभासदांनी हा भाव विचारावा, त्यात गैर काही नाही, आणि तो सांगण्यात आम्हालाही संकोच नसावा.

तुमच्या हातातही यातले थोडे आहे. पाला, मुळ्या आणि मातीसकट ऊस गव्हाणीत आला की माती बॉयलरपर्यंत जाते, राख वाढते, नळ्या झिजतात. ओले चिपाड आधी स्वतःचेच पाणी उडवण्यात उष्णता घालवते. तोड कोयत्याने जमिनीलगत आणि वाढे नीट छाटून झाली, तर उतारा वाढतोच, शिवाय तेवढ्याच टनाला चार युनिट जास्त पडतात.

वार्षिक अहवाल सभेच्या आधी घरपोच येईल. त्यात सहवीज विभागाचे पान काढून चार आकडे पाहा: एकूण तयार झालेली युनिट, विकलेली युनिट, मिळालेला सरासरी दर आणि चिपाडाचा धरलेला भाव. ज्यांचा महावितरणशी झालेला करार किती वर्षे उरला आहे हे जाणून घ्यायचे असेल, त्यांनी तोही प्रश्न लिहावा. प्रश्न लेखी, सभासद क्रमांकासह, सभेच्या आठ दिवस आधी गट ऑफिसात द्यावेत, म्हणजे चहा येण्याच्या आत उत्तर देता येईल.